परसूअण्णांच्या तंगुसाला पडलेला पीळ

परसूअण्णांनी बंगळुरात यशवंतपूरच्या एका शेडमध्ये पस्तीस वर्षं जळक्या मोटारींत नवी तार भरली. माणूस एरवी अगदी गरीब. पण तारेचा विषय निघाला की मान अशी ताठ व्हायची की त्यांच्या पत्नी शालनकाकू शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांना डोळ्यानं खुणावत, "आता बॉबिन येणार बघा!" आणि यायचंच. बॉबिन सळईत ओवायचं, तार ओढली की ते गरगर फिरलं पाहिजे. न फिरवता तोंडावरून तार काढलीत की पीळ पडलाच. अण्णांचा हा नियम मोडणाऱ्याला शेडमध्ये चहासुद्धा मिळत नसे.

जावई निहार पुण्याचा, कोरमंगल्यात कॉम्प्युटरवर बसणारा. लेक श्वेताच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्या-जावयाचं बोलणं 'जेवलात का?'च्या पुढे सरकत नव्हतं. मग निहारनं गळाची काठी आणली, तिला रील, रीलवर भरायला नायलॉनचा तंगूस. आणि दर रविवारी दोघं होसकोट्याकडच्या एका तळ्यावर जाऊ लागले. मासे बेताचेच मिळत, बोलणं मात्र मिळू लागलं. काकूंची तक्रार नव्हती. मसाला वाचत होता.

पावसाळ्यानंतर नवा तंगूस भरायचा होता. निहार चाचरत म्हणाला, "बाबा, बॉबिन जमिनीवर सपाट ठेवायचं म्हणतात. लेबल वर करून."

"निहारराव, तुम्ही कॉम्प्युटर बघा," अण्णा हसले. "भरायचं काम आमचं." आणि बॉबिन सळईत गेलं.

पहिल्या रविवारी तंगुसाला वेटोळी पडली. दुसऱ्या रविवारी गुंता झाला. तिसऱ्या रविवारी गळ फेकला आणि रीलमधून चिमणीचं घरटंच उडालं. निहार अर्धा तास ते सोडवत बसला, मग म्हणाला, "रीलच खराब निघाली, बाबा. मीच नीट बघून घेतली नाही. शनिवारी नेऊन परत करतो. पुढचा रविवार मग... राहू दे."

अण्णांनी मान हलवली. जावयानं आपली लाज झाकली, हे त्यांना कळलं होतं. घरी सोडताना दाराशी निहारनं विचारलं, "जेवणार ना आता?"

ते त्यांना फार लागलं.

सोमवारी दुपारी त्यांनी रील मांडीवर घेतली आणि ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिली. मोटारीचं वेटोळं भरताना साचा फिरतो. इथे चाक जागचं हलतच नव्हतं. तारेची एक कमान तंगूस गुंडाळत त्याच्याभोवती फेऱ्या मारत होती. फेरी एक, पीळ एक. त्यांनी सळईवरून थोडा तंगूस भरला आणि सैल सोडला. त्यानं लगेच स्वतःला मिठी मारली. मग बॉबिन फरशीवर सपाट ठेवून भरला. तोंडावरून निघणारा पीळ कमानीच्या पिळाला उलटा पडला, आणि तंगूस गुमान लोंबत राहिला.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"माझा नियम चुकला."

"तुमच्या मशीनला बरोबर होता की! हे मशीन जावयाचं." मग त्यांनी फोन पुढे केला. "आणि घसा बसल्याचं सोंग करू नका."

अण्णांनी घसा खाकरलाच. "निहारराव, रील परत करू नका. ती चांगली आहे. तुम्ही सांगितलेलं बरोबर होतं, मी ऐकलं नाही."

पलीकडून निहारनं विचारलं, "रविवारी येऊ, बाबा?"

रविवारी दव वाळायच्या आत दोघं मैदानावर, आधी भरलेल्या तंगुसातला पीळ काढायला. गळ काढून टाकलेला, मोकळ्या टोकाला लाल टेपची चिंधी. निहार काठी धरून पुढे, तंगूस सोडत, ओल्या गवतातून ओढत. अण्णा मागे, वाकून चिंधीवर नजर ठेवून. चिंधी भिंगरीसारखी फिरत होती. फिरायला आलेल्या धनलक्ष्मीअक्कांनी विचारलं, "अण्णा, गवतात मीन सिकतैता? मासा मिळतो?"

"मोठा आहे, अक्का. खेचतोय बघा."

निहार हसला आणि चालता चालता बोलू लागला. नव्या साहेबाबद्दल, पुण्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल, श्वेतालाही अजून न सांगितलेल्या एका भीतीबद्दल. मधेच त्यानं विचारलं, "फिरतेय का अजून?"

चिंधी केव्हाच थांबली होती.

"स्वल्प पीळ आहे अजून," अण्णा म्हणाले. "तुम्ही चाला."