मुरमाच्या खदानीचं लडाख

सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

वाशीमला सर फोटोग्राफीचा वर्ग चालवतात. आम्हा सात जणांना ते लडाखला घेऊन गेले होते. आमचं घर रिसोडजवळचं, भाजीपाला पिकवणारं. मेथी-वांग्याचं काम टाकून मी उघडेबोडके डोंगर टिपायला एवढ्या लांब का जाते, हे घरी पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले होते. तिथं सर थंडीनं गाडीतून उतरेचनात. मी मात्र पहाटे खिंडीत उभी राहून, बोटं बधिर होईस्तोवर, डोंगरांवर उतरणारं ऊन टिपत राहिले. परत आल्यावर सर म्हणाले, "कॅमेऱ्यातलं कार्ड दे, चांगले चांगले फोटो निवडून देतो." दिलं. गुरू म्हणून दिलं.

तीन महिन्यांनी मोबाईलवर प्रदर्शनाची पत्रिका आली. 'लडाख: निर्जन पर्वतांची मौनभाषा.' खाली छायाचित्रकार म्हणून सरांचं नाव, आणि आत एकूण एक फोटो माझे. तळपायाची आग मस्तकात गेली. फोन लावला तर म्हणतात कसे, "काय वं, कॅमेरा धरनं तुले कोनं शिकवलं? मंग तुह्यं-माह्यं कायले करून राह्यली?"

मी पुन्हा फोन करून चांगली हजेरी घेणार होते. तेवढ्यात पत्रिकेवरचा सगळ्यात मोठा फोटो नीट पाहिला आणि चक्क हसू फुटलं. तो लडाखचा नव्हताच. जायच्या आधी सराव म्हणून मी आमच्या गावाबाहेरच्या मुरमाच्या खदानीत गेले होते. जमिनीलगत कॅमेरा ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला एक फोटो त्याच कार्डात राहून गेला होता. गाडीतून न उतरलेल्या माणसाला फरक कसा कळावा? मग मी तोंडातून ब्र काढला नाही. उद्घाटनाला जाताना फक्त काकांना सोबत घेतलं. काका त्याच खदानीतून ट्रॅक्टरनं मुरूम नेतात.

हॉल भरला होता. नवा कुर्ता घालून सर त्या मोठ्या फोटोसमोर उभे, पाहुण्यांना समजावत होते, "या रेषा पाहा. हजारो वर्षं वाऱ्यानं कोरलेल्या आहेत."

काका पुढं सरकले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "वारा कायचा हो सर? जेसीबीच्या बकेटच्या दाताच्या रेघा हायेत थ्या. आपली मुरमाची खदान व्हय ही. परवाच दोन ट्रिपा नेल्या म्या."

लोक वाकून फोटो पाहू लागले. मग मागं एकाला खुदकन हसू आलं आणि पाठोपाठ सगळा हॉल हसायला लागला. सरांचं तोंड काळंठिक्कर पडलं. खोटं कशाला बोलू, मला फार गार वाटलं. एवढं गार लडाखलाही वाटलं नव्हतं.

त्याच तोऱ्यात मी पुढं झाले. सगळ्यांसमोर सांगितलं, "हे फोटो सरांचे नाहीत, माझे आहेत. तो एक खदानीतला, बाकीचे खरे लडाखचे." माझ्या खिंडीच्या फोटोपुढं एक दुकानदार उभे होते. ते हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "आनं ही कोनती खदान वं? मानोऱ्याकडची दिसते." मी म्हटलं, ही खरी खिंड आहे, पहाटे मी स्वतः तिथं उभी होते. ते आणखीच हसले. लोक एकेका फोटोपुढं थांबून जेसीबीच्या रेघा शोधू लागले. मी सांगत राहिले, पण कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. सर तेवढ्यात मागच्या दारानं निघून गेले.

परतीच्या एसटीत रिसोड जवळ आल्यावर काका हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगजो. तू लडाखले गेलती, का सराईनं तुमाले खदानीतच फिरवलं?"