छेदातलं वर्गमूळ

"पायऱ्या हायत की वो मॅडम ह्याला!"

पेठ वडगावचे पावणे, गिऱ्हाइकाकडचे इन्स्पेक्टर. त्यांनी रोलरवर नख फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपात ग्राइंडिंग मशीनची ट्रायल चालू होती. कंट्रोलर, म्हणजे मशीनच्या डोक्यातला छोटा कॉम्प्युटर, मी बनवलेला. रोलर मधोमध किंचित फुगीर हवा होता, पण गुळगुळीत.

आमचे मालक चौगुले साहेब भडकले. "दुपारपर्यंत बघा. न्हायतर बाहेरचा कंट्रोलर बसवू. तुमचा बंद."

डोकंच फिरलं माझं. आदल्या आठवड्यात असाच रोलर चकचकीत निघाला होता. मशीन तेच, रोलर घासणारा दगड तोच. मग बदललं काय? आता शोधल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून मी प्रोग्रामची एकेक ओळ वाचायला घेतली.

सापडलं! मध्यापासून x अंतरावर दगड किती आत न्यायचा, त्याचं सूत्र मी असं लिहिलं होतं: x² / (R + √(R² − x²)). R ही फुगवट्याची त्रिज्या. आता तिथं नुसतंच होतं: R − √(R² − x²).

"हे कुणी बदललं?"

"मी," साहेब म्हणाले. "छेदात वर्गमूळ ठेवत्यात व्हय कधी? मधलं चिन्ह बदलून वर-खाली गुणलं. छेदात x² उरला, तो वरच्याशी कटला. उत्तर एकच येतंय की!"

"कागदावर येतंय, साहेब. चिपवर न्हाय."

R होती शंभर मीटर, म्हणजे लाख मिलिमीटर. आमच्या चिपला साधारण सातच आकडे धरता येतात. सहा तर लाखातच संपले. R आणि ते वर्गमूळ जवळजवळ सारखेच. वजाबाकी केली की हवा तो बारीक फरकच गळतो आणि उत्तर उड्या मारत येतं. त्याच त्या पायऱ्या. बेरजेत हा घोळ होत नाही, म्हणून वर्गमूळ मी मुद्दाम खाली ठेवलं होतं.

"कशावरनं?" साहेब हटेनात.

"दुसरा रोलर लावा. मी इथंच उभी हाय."

जुनं सूत्र घातलं. रोलर निघाला. पावण्यांनी नख फिरवलं, मग बारीक उंचसखलपणा मोजणारं डायल गेज लावलं. काटा कुठंही न अडखळता सरकला.

"आत्ता कसं! पास."

"पेपरात मार्क कापलं असतं तुमचं," साहेब पुटपुटले.

"कापू देत की."

धडा एवढाच: सोपं कुणाला पडायला हवं, वाचणाऱ्याला की मशीनला, ते आधी ठरवावं. आणि प्रोग्रामला पासवर्ड घालावा. माझा मी साहेबांनाही सांगितलेला नाही.