फाटकी साडी नेसून ये

“ही साडी बदल. फाटकी नाही का घरी एखादी?”

संस्थेच्या मॅडम बोलल्या. माझ्याच अंगणात, सगळ्यांसमोर. भंडाऱ्याहून गाडीभर पाहुणे आले होते, कॅमेरा घेऊन. आणि मी दारात उभी. हिरवी साडी, स्वतः शिवलेलं ब्लाऊज.

नवरा गेला तेव्हा मुलगी अंगणवाडीत होती. मी दिघोरीत लोकांच्या धानाच्या रोवणीला जायची. मग संस्थेनं शिवणवर्ग काढला. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? कॉलर कशी बसवायची, काज कसं करायचं, त्यांनीच शिकवलं. पुढं मशीन मिळाली. शाळेचे गणवेश माझ्याकडे यायला लागले. घर माझ्या हातावर चालायला लागलं.

पण पाहुणे आले की बोलावणं यायचं. हातातलं शिवण टाकून जायचं. स्टेजवर उभं राहायचं. खुर्ची नाही. नावही नाही. “या आमच्या लाभार्थी.” मग मॅडम सांगायच्या, हिचा नवरा दारू पिऊन मेला, हिला मारायचा.

माझा नवरा दारूला कधी शिवला नाही. त्याला धानाच्या बांधीत साप चावला.

एकदा धीर करून मॅडमना विचारलं. त्या हसल्या. “अगं, असं सांगितलं की लोकांना लवकर समजतं.”

तरी मी स्टेजवर जात राहिले. मान खाली घालून टाळ्या ऐकल्या. किती वेळा!

त्या दिवशीही मी आत गेले आणि साडी बदलली. हो, बदलली. रोवणीतली, चिखलाच्या डागांची नेसून बाहेर आले. सांगताना आजही लाज वाटते.

मॅडमनी माझ्या मुलीला कॅमेऱ्यापुढं ओढलं. ती आता दहावीत. “बेटा, सांग, बाबा दारू पिऊन आईला मारायचे.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला बाप आठवत नाही. मी सांगीन तोच तिचा बाप.

“आई, बाबा मारत होते तुले?”

“नाई. तुया बाबानं कधी हात नाई उचलला. दारूबी नाई पेला. मॅडम, तो कॅमेरा बंद करा.”

“मशीन कोणी दिली, विसरलीस?”

“घेऊन जा मशीन. माया माणूस नाई देत तुमाले.”

त्याच गाडीतून मशीन गेली. अर्धे शिवलेले गणवेश जमिनीवर पडले होते.

शिवणवर्गातल्या बायका माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. नळावर एक जण हळूच म्हणाली, “कायले बोलली तू? आमच्याबी मशिनी जातीन ना.” तिचंही खोटं नव्हतं. मी पुन्हा चिखलात उतरले. बांधावर डबा एकटीच खाते. कोणी हाक मारत नाही.

मागच्या महिन्यात संस्थेचा निरोप आला. माफी माग, मशीन परत ने.

मी उत्तर पाठवलं. मदत हवी आहे, अर्ज करीन, माझ्या नावानं सही करीन. माफी मागणार नाही. जितक्या लोकांपुढं माझ्या नवऱ्याला दारुडा केलंत, तितक्यांपुढं खरं सांगा.

उत्तर आलं नाही. आता त्यांचा कार्यक्रम कधी आहे, याची मी चौकशी करते आहे. बोलावणं नसलं तरी जाणार आहे. मुलीला सोबत घेऊन.