कुसुमबाईंनी बंद केलेला शब्द

आर्णीजवळच्या वृद्धाश्रमात मी नोकरी मागायला गेले, तेव्हा तो चालवणाऱ्या कुसुमबाईंना पहिल्यांदा पाहिलं. मी परिचारिकेचं प्रमाणपत्र पुढे केलं. बाईंनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीजवळच्या एका आजींकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्यायले काल येत होतं अन् आज येत नाही असं काय हाय, पाहून ये." मी पाच मिनिटांत परतले आणि सांगितलं, सगळं ठीक आहे.

"मंग तू पाह्यलंच नाही," बाई म्हणाल्या. तरी मला ठेवून घेतलं. का, ते देवच जाणे!

बाईंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या सेवेबद्दल या गौरवग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मला एका कागदाबद्दल लिहायचं आहे. आमच्याकडे प्रत्येक रहिवाशाच्या नावाचा एक कागद असतो. ते काय खातात, कोणाच्या आधाराने चालतात, ऐकू किती येतं, हे सगळं त्यावर असतं. दर सोमवारी प्रत्येकाच्या खाटेशी बसून तो नव्याने लिहायचा, हा बाईंचा शिरस्ता. मी मात्र सगळे कागद टेबलावर एका दमात उरकायची. माझ्याकडे एक सोयीचा शब्द होता: 'जैसे थे'.

घाटंजीकडच्या तांड्यावरचे थावराबा आमच्याकडे राहत. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना कोरडा घास गिळता येईना. आम्ही भाकर वरणात कुस्करून भरवायचो. सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कोणीच लिहिलं नाही. कागदावर 'जेवण: भाकर, भाजी' तसंच राहिलं, आणि त्याखाली माझ्या अक्षरात सहा सोमवार 'जैसे थे'.

मी बहिणीच्या लग्नाला राळेगावला गेले. माझ्या जागी बदलीवर आलेल्या परिचारिकेने कागद नीट वाचला. थावराबांनाही विचारलं. त्यांनी 'बाटी' मागितली; तांड्यावर भाकरीला बाटीच म्हणतात. तिने दिली. घास घशात अडकला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच थावराबा गेले.

मी परतले तेव्हा त्यांचा मुलगा ओसरीवर बसला होता. वय झालं होतं एवढंच सांगा, असं संचालक मंडळातल्या एकाने बाईंना बजावलं होतं. बाई मुलासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "बापू, वयानं नाही गेले. त्यायले गिळता येत नव्हतं, अन् आमच्या कागदावर ते नव्हतं. चूक आमची हाय."

तो म्हणाला, "लिहाले किती येळ लागते, बाई?"

 

मी पिशवी भरली. बाई दारात आल्या. "कुठी चालली?"

"घरी. मले कोन ठेवते आता?"

"आज सोमवार हाय. कागदं कोन लिहीन? तुले आता समजते, एक ओळ राह्यली तं काय होते." माझी चूक त्यांनी माफ केली नाही, तसं कधी म्हणाल्याही नाहीत. फक्त 'जैसे थे' हा शब्द आश्रमात बंद केला आणि मला थावराबांच्या शेजारच्या खाटेशी नेऊन बसवलं. मला रडू आवरत नव्हतं. बाई म्हणाल्या, "रडत रडत लिही, पन पाहून लिही."

गेल्या सोमवारी बाईंनी स्वतःच्या नावाचा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. आदल्या दिवशी त्यांनी एका आजींना एकच गोळी दोनदा दिली होती; नशीब, काही झालं नाही. माझा पेन उठेना.

"लाजू नको. जे दिसते ते लिही. त्या ग्रंथातही हेच लिहिजो."

मी लिहिलं: बाईंना सकाळचं दुपारी आठवत नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे देऊ नये. बाईंनी ते दोनदा वाचलं, खाली सही केली आणि कमरेची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली. मग विचारलं, "आज कोनता वार हाय, पोरी?"

अशा लेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. 'निरोगी' लिहायला माझा हात धजत नाही. बाईंना खोटं लिहिलेलं चालत नाही. आयुष्य मात्र त्यांना उदंड लाभो. जे जे त्यांच्या हातून सुटत जाईल, ते मी त्यांच्या खाटेशी बसून, पाहून लिहीन.