लेबलावरचं चित्र

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे भाग जागेवर धरून ठेवणारे ब्रॅकेट बनतात. तिथल्या खोक्यांवर लावायची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं आणि कित्येक वर्षं ते मुकाट चाललं होतं. मग माल घेणाऱ्या बड्या कंपनीने पुरवठादारांची सॉफ्टवेअरं सुरक्षेसाठी तपासायला घेतली. एका सकाळी भोसरीच्या ऑफिसात येऊन बसते तोच अहवाल आला. आमच्या नावाखाली लाल ओळींची रांग! पंधरा दिवसांत सगळ्या घालवा, नाहीतर त्यांच्या सिस्टमशी जोडणी बंद.

त्यातली एकही चूक मी लिहिलेल्या कोडमधली नव्हती, हेच मला जास्त झोंबलं. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड आम्ही सगळेच वापरतो; त्याला पॅकेज म्हणतात. मी एक पॅकेज घेतलं, त्याने सोबत आणखी काही आणली, त्यांनी आणखी. दोष होता अगदी तळाच्या पॅकेजमध्ये, ज्याचं नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. त्याची दुरुस्त आवृत्ती आली होती, पण मधलं पॅकेज जुनीलाच धरून बसलेलं. मधलं बदललं की वरचं बंद पडायचं. तीन दिवस हेच चाललं. एक लाल ओळ पुसली की दोन नव्या उगवायच्या.

शेवटी त्या कंपनीच्या तपासणी विभागातल्या बाईंना हिंजवडीला फोन लावला. "मॅडम, हा दोष वापरायचा तर बाहेरच्या माणसाने आत फोटो चढवायला हवा. आमच्याकडे तशी सोयच नाही."

"मान्य आहे ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पण रिपोर्टमध्ये रेड दिसतंय. ग्रीन झालं की मेल करा."

चौथ्या दिवशी दुपारी माझा संयम संपला. सगळी पॅकेजं जबरदस्तीने नव्या आवृत्तीवर नेणारी एक कमांड असते. ती वापरू नका, असं मी इतरांना दहादा सांगितलेलं. मीच ती दिली. ओळी गेल्या. माझ्या मशीनवर एक लेबल नीट छापलं गेलं, तेवढं पाहून मी ते चाकणला चढवलं.

तासाभरात डिस्पॅचच्या सुपरवायझरांचा फोन आला. ते जवळच्याच गावातले, सकाळी शेतावर चक्कर मारून शिफ्टला येणारे.

"ताई, स्टिकर कोरं येतंय. दोन गाड्या हुब्या हायत."

"पूर्ण कोरं?"

"चौकट येतीय. आत काय बी न्हाई."

जुनं परत चढवायला गेले, तर जुन्यातलं एक पॅकेज धोकादायक म्हणून इंटरनेटवरच्या मूळ जागेवरूनच काढून टाकलेलं. माझ्याकडे प्रत नव्हती. स्वतःला शिव्या देत स्कूटर काढली. मोशीच्या गर्दीतून चाकणला पोचले तेव्हा पॅकिंगच्या बायका कोऱ्या लेबलांवर मार्करने नंबर लिहीत होत्या.

"अक्षर बरं असंल तर तुमी बी बसा," सुपरवायझर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी बसले आणि शे-सव्वाशे लेबलं लिहिली. मग लॅपटॉप उघडून शोधलं, तर लेबलाच्या कोपऱ्यात ब्रॅकेटचं एक चित्र यायचं, तिथेच सगळं अडत होतं; माझ्या मशीनवर छापलेल्या लेबलावर ते चित्र नव्हतंच. पॅकेजांचा तो सगळा गोतावळा त्या एका चित्रासाठीच होता.

"हे चित्र लागतं का हो?"

"त्याच्याकडं कोन बघतंय? आमी नंबर बघतो."

मी चित्र काढलं, पॅकेजं काढली. लेबलं धडाधड छापली गेली, गाड्या गेल्या, अहवालही हिरवा झाला. दिघीला घरी जाताना मला फारच हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवसांनी सुपरवायझरांचा पुन्हा फोन. पॅकिंगमधल्या एका बाईंना बोलायचं होतं. त्या मूळच्या परभणीकडच्या.

"मॅडम, चित्र कामून काढलं? डावं ब्रॅकेट कोन्तं, उजवं कोन्तं, मी त्याच्यावरूनच वळखत होते. नंबरचा शेवटचा आकडाच तेवढा वेगळा असतो. चार खोकी उलटी गेली, अन् बोलणी मला बसली."

मी सुपरवायझरांना विचारलं होतं. लेबल ज्या चिकटवतात, त्या माझ्या शेजारी बसून मार्करने लिहीत होत्या, पण त्यांना विचारायचं डोक्यातही आलं नव्हतं. चार दिवस हिंजवडीच्या बाईंवर चिडत होते. आता चिडायला मी सोडून कोणी उरलं नव्हतं.

"ताई, वाचता..." मी अडखळले.

"येतं की! सातवी शिकलेय. पर लाइन चालू असताना येवढं बारीक कोन वाचतंय?"

त्याच दुपारी लेबलावर बोटभर उंचीच्या अक्षरांत 'डावा' आणि 'उजवा' आणलं. त्याला कुठलंच पॅकेज लागलं नाही. सुपरवायझरांना सांगितलं, चूक माझी होती, त्या बाईंना बोलू नका. "सांगतो," ते म्हणाले, आणि बहुधा सांगितलंही असावं.

संध्याकाळी हिंजवडीहून मेल आला: लेबलाचा नमुना परवानगीशिवाय बदलल्याबद्दल सोबतचा फॉर्म भरावा. फॉर्म सात पानी होता. तो उघडायला जे पॅकेज लागत होतं, ते माझ्या मशीनवर नव्हतं.