पळी उभी राहील असं वरण
तेल चोळलेली तूर उन्हात तापली की तिचा उबदार वास मला लातूरच्या आमच्या जुन्या गल्लीत नेतो. त्या वर्षी तूरडाळ इतकी महागली होती की आमच्या ताटातलं वरण पातळ होत होत नुसतं पिवळं पाणी झालं होतं. मग एक दिवस आईनं चाकूरच्या मामाकडून पोतंभर तूर आणली आणि म्हणाली, "डाळ घरीच करू. पळी उभी राहील असं वरण खाऊ घालते तुम्हाला." जातं शेजारच्या खालाकडं होतं, त्यावर पाण्याचा माठ ठेवलेला. खालानं माठ उतरवला. आम्हा बहिणींना कुठला दम निघतोय, एकाच दिवसाच्या उन्हानंतर तूर भरडायला बसलो, तर दाणे अख्खेच बाहेर आले. खाला हसली, "इतकी काय घाई हाय, अजून दोन दिवस ऊन खाऊ दे की तिला." तिसऱ्या दिवशी जात्याच्या कडेनं पिवळीधमक डाळ सांडायला लागली आणि आम्ही ओंजळी भरभरून नाचलो. आधी खालाची परात भरली. जेवताना आईनं पातेल्यात पळी उभी करून हात काढला, आणि पळी पडली नाही. आता डाळीचा भाव पुन्हा चढलाय, माझ्या गच्चीवर तूर वाळतेय, आणि कधी एकदा तिसरा दिवस उजाडतो असं मला झालंय.