पिवळी बोटं

आपण नमस्कार केला की समोरचा माणूस उलटून नमस्कार करतो. आमच्या डॉक्टरांना नमस्कार केला की ते तुमचा उजवा हात धरायचे, पालथा करायचे आणि पहिल्या दोन बोटांमधली जागा उजेडाकडे वळवून बघायचे. मग म्हणायचे, "हं. बसा." तोवर प्रकृतीची चौकशी नाही की कुठून आलात हे नाही. "हात दाखवा" हे त्यांचं पहिलं वाक्य. ते आगरदांड्याला प्रथम आले तेव्हा अर्ध्या गावाने त्यांना ज्योतिषी समजून मुलींच्या लग्नाचं विचारलं होतं. एका बाईला त्यांनी "मार्गशीर्षात बघा" असं सांगूनही टाकलं, कारण तिला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. लग्न वैशाखात ठरलं, तर त्याचीही त्यांना चुटपुट लागून राहिली.

नवे पैसे नुकतेच आले होते आणि लोक अजून आण्यांतच बोलत होते, त्या सुमाराची ही गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. मी आगरदांड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून तंबाखूवर संशोधन करायला आले होते. किनाऱ्यावरच्या विडी ओढणाऱ्यांची नावं लिहायची, त्यांची तोंडं तपासायची, त्यांना विडी सोडायला लावायची आणि दर दोन महिन्यांनी परत येऊन सोडणाऱ्याच्या तोंडात काय फरक पडला ते पाहायचं, असं त्यांचं काम. आज याचं कुणाला नवल वाटणार नाही. पण तेव्हा विडीने काही होतं असं म्हणणारा माणूसच आम्ही पाहिला नव्हता. विडी हे आमच्याकडे दातदुखीवरचं औषध होतं, आणि सकाळी पोट साफ व्हायचंही.

माणगावपर्यंत ते एसटीने यायचे, पुढे मिळेल त्या गाडीने दिघीला आणि तिथून होडीने खाडी ओलांडून आमच्याकडे. अंगात खादीचा सदरा, खांद्याला पिशवी. पिशवीत एक विजेरी, दांडीचा छोटा आरसा आणि बांधलेली जाड नोंदवही. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्या स्वाधीन झाली.

पहिली अडचण आली ती "दिवसाला विड्या किती" या प्रश्नाची. कुणालाच ते सांगता येईना. विडी कोण मोजतो? कुणी म्हणे दोन, कुणी म्हणे मन होईल तेव्हा. डॉक्टर दोन दिवस विचारात पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी होडीत एका म्हाताऱ्याला बंदरापासून त्याची वाडी किती लांब ते विचारलं, आणि तो म्हणाला, "तीन इड्यांची वाट." आमच्याकडे अंतर असंच, वाटेत ओढून होणाऱ्या विड्यांत सांगत. डॉक्टरांना लॉटरी लागल्याचा आनंद झाला. त्यानंतर ते प्रत्येकाला शेत कुठे, जाळी कुठे, सासुरवाडी कुठे असं विचारायचे आणि मी वहीच्या कडेला विड्यांची बेरीज करायचो. लोकांना वाटे, मोठा मायाळू माणूस, सगळ्यांच्या सासुरवाडीची आस्थेने चौकशी करतो.

कुणी खोटं बोललं, कुणी दार लावून घेतलं, एकाने तर अंगावर कुत्रं सोडलं, तरी ते मला एवढंच म्हणायचे, "रागवायचं नाही, लिहून ठेवायचं." कुत्र्याचंही त्यांनी लिहायला लावलं होतं.

वहीत पहिलं नाव माझं. "आधी घरापासून," असं म्हणून त्यांनी माझा हात पालथा केला होता. विडीच्या धुराने बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी होती. दुसऱ्या खेपेला ती स्वच्छ दिसली तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली आणि माझ्या नावापुढे "सोडली" असं मलाच लिहायला सांगितलं.

आता खरं काय ते सांगतो. मी विडी सोडली नव्हती. मी चिंचेने बोटं घासली होती.

यात मला फसवायचं होतं असं समजू नका. आमच्याकडे मोठ्या माणसापुढे विडी ओढत नाहीत. बाप दिसला की साठीचा मुलगासुद्धा विडी विझवून टोपीत लपवतो. डॉक्टर वयाने मोठे नव्हते, चाळिशीचे असतील, पण माणूस जसजसा आवडत गेला तसतसा मान वाढत गेला. ज्याला आपण मान देतो त्याला पिवळी बोटं कशी दाखवायची? त्याला वाईट वाटेल. मग डॉक्टर येणार असं कळलं की घरोघर चिंच आणि राख निघायची आणि तांब्याची भांडी घासावी तशी बोटं घासली जायची. पहिल्या वर्षी पाचसहा जणांनी "सोडली". दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळ्यांनी. डॉक्टर जितके लाडके झाले तितकी वही खोटी झाली, आणि हे मला ठाऊक होतं.

डॉक्टरांना खाडीपार आणणाऱ्या होडीचा तांडेल हा त्या वहीतला त्यांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा माणूस. उंच, तुटक बोलणारा कोळी. त्याच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी पहिल्यांदा विजेरी मारून तो पाहिला तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की याने विडी सोडली तर हा चट्टा बहुधा विरेल, नाही सोडली तर यातून वाईट दुखणं उभं राहू शकतं. तांडेलाची बोटं पुढच्याच खेपेला लख्ख होती. पण चट्टा विरेना. चार महिन्यांनी तो होता तसाच होता, वर्षाने थोडा वाढला. इतरांच्या तोंडातही तेच. डॉक्टर आरसा परत परत पुसून बघायचे.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी अहवाल लिहायला घेतला. इंग्रजीत होता. पक्की प्रत मी करत होतो. शेवटच्या पानावर एक वाक्य आलं आणि माझा टाक थांबला. त्याचा अर्थ असा होता की, विडी सोडल्याने तोंडातल्या चट्ट्यात काही फरक पडत नाही असे दिसते.

मी विचारलं, हे असंच लिहायचं का. ते म्हणाले, "मला पटत नाही. पण वही तेच सांगते. आपल्याला आवडतं ते नाही लिहायचं, दिसतं ते लिहायचं." मी मान खाली घालून ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवलं. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या आहेत, पण इतक्या वळणदार अक्षरात दुसरी केलेली नाही.

अहवालाचं पाकीट घेऊन ते निघाले त्या सकाळी मी त्यांना पोचवायला बंदरावर गेलो. तांडेल होडीतलं पाणी उपसत होता. त्याची म्हातारी आई टोपलीपाशी बसून मशेरी लावत होती. बायकांना मशेरीची कुणापुढे चोरी नव्हती; ती बोट दातांवर फिरवत मोकळेपणी बोलायची. डॉक्टरांनी तिला, येतो आता, दोन महिन्यांनी भेटू, असं सांगितलं.

"यावा की," ती म्हणाली. "पन डाक्टर, येताना मुंबईची चिंच घेऊन यावा. तुमी येताव त्या आठवड्याला माज्या घरात कालवनाला चिंच उरत न्हाय. समदी याच्या बोटांना जाते."

तांडेलाचा उपसणारा हात थांबला. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले, मग त्याच्या बोटांकडे. नंतर ते माझ्याकडे वळले.

"सगळेच?"

"हो," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा, साहेब."

त्यांनी माझा हात मागितला नाही, ते मला जास्त लागलं. एका दगडावर बसले, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि बराच वेळ तो हातातच धरला. "रागवायचं नाही," असं ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "लिहून ठेवायचं."

पाकीट त्यांनी तिथेच फोडलं. वही मागवली आणि "सोडली" या प्रत्येक शब्दावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. माझ्या नावाशी आल्यावर रेघ मारून वही माझ्यापुढे केली. ही नोंद तुम्हीच करा, आत्ता नको, खरी असेल तेव्हा, असं म्हणाले. ती जागा कोरी राहिली. मुंबईला त्यांनी कळवलं की दोन वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत आणि चूक तपासणाऱ्याची आहे. आमचं कुणाचं नाव त्यात नव्हतं. त्याचा परिणाम त्यांच्यावर काय झाला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या बरोबरीचे पुढे गेले आणि त्यांना आमच्याच बंदरावर पुन्हा येऊ द्यावं म्हणून पत्रव्यवहार करावा लागला, एवढं मला टपालावरून कळलं.

त्याच दिवशी त्यांनी म्हातारीला विचारलं होतं, माझ्यापुढे का ओढत नाही हा?

"मोठ्यांफुडं कोन वढतं?"

"मी इथे असेपर्यंत ओढणार नाही?"

"न्हाय. जीव गेला तरी न्हाय."

पुढच्या खेपेला डॉक्टर दोन महिन्यांची रजा टाकून आले. रोज सकाळी सातला ते बंदरावरच्या त्या दगडावर येऊन बसत आणि दिवे लागेपर्यंत हलत नसत. हातात वर्तमानपत्र. कुणाला उपदेश नाही, कुणाचा हात पाहणं नाही. तांडेल होडी घेऊन निघाला की हे होडीत. दिघीला जाऊन परत, पुन्हा दिघीला जाऊन परत. खाडीच्या दोन्ही काठांवर विडीची पंचाईत झाली. जाळी विणणारे कावले, होडीची वाट बघणारे शेडच्या मागे पळायला लागले. तांडेल होडी सोडून शेडमागे जाणार कसा? आठवड्याने तो चिडून मला म्हणाला, "याला मुंबईत काय घरदार हाय का न्हाय?" मी तो निरोप पोचवला. डॉक्टर म्हणाले की आहे, पण तिथे मला कुणी मान देत नाही.

रात्री तांडेल घरी ओढत असणार. पण दिवसाची गेली ती गेली. दोन महिन्यांनी डॉक्टर परतले, पावसाळ्यानंतर पुन्हा महिनाभर येऊन बसले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वेळी, रात्रीचीही सुटली असं सांगून, तांडेलाने आपण होऊन तोंड उघडलं. विजेरीच्या उजेडात चट्टा पातळ झालेला मलाही दिसला. डॉक्टरांनी त्याची बोटं पाहिली, नाकाशी नेऊन चिंचेचा वास येतो का तेही पाहिलं, आणि पहिल्यांदाच वही माझ्या हातून घेऊन "सोडली" हा शब्द स्वतः लिहिला. वहीत अशी खरी नावं शेवटपर्यंत अकराच झाली. त्या अकरांवर त्यांनी चार पानांचा अहवाल लिहिला. तो कुठे छापला की नाही मला माहीत नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची बदली झाली आणि वही ते माझ्याकडेच ठेवून गेले. नंतर पत्रं यायची, तांडेलाच्या गालाची चौकशी असायची. मग त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. हृदयविकार, झोपेतच गेले.

मी कार्ड घेऊन बंदरावर गेलो. तांडेलाला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. होडीचा दोर त्याने खुंटीला बांधला, हात लुंगीला पुसला आणि पालथा करून माझ्यापुढे धरला. बघायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी धरून पाहिला. मिठाने फुटलेला, दोराने सोललेला हात. पिवळं कुठेही नव्हतं.

"आन तुमचा?" तो म्हणाला.

मी दाखवला. त्याने उजेडाकडे वळवला, नीट पाहिला आणि परत दिला.

"चिंच पाठवू काय घरी?"

मी नको म्हणालो. घरी येऊन वही काढली. पहिलं पान, पहिलं नाव, पुढे रेघ मारलेला शब्द आणि त्यापुढे इतकी वर्षं कोरी ठेवलेली जागा. टाक शाईत बुडवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : अजून ओढतो.